एका ओळीचा रवंथ

कॅथलिक परंपरेतले आध्यात्मिक वाचन माहिती मिळवण्यासाठी नसते. त्याचे जुने लॅटिन नाव लेक्सिओ दिविना, म्हणजे ईश्वरी वाचन. बायबलमधला लहानसा उतारा घ्यायचा, तो सावकाश वाचायचा, एखाद्या शब्दाशी मन अडले तर पुढे न जाता तिथेच थांबायचे, तो शब्द मनात घोळवायचा, त्यातून जी प्रार्थना उमटेल ती देवापुढे ठेवायची आणि मग काही न बोलता बसून राहायचे, एवढाच हा विधी आहे. संतांची चरित्रे आणि भक्तिपर ग्रंथ यांनाही या वाचनात जागा आहे, पण ती बायबलनंतरची. जुने मठवासी या घोळवण्याला रुमिनातिओ म्हणत. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: रवंथ. गुरे चरून येतात, सावलीत बसतात आणि खाल्लेले पुन्हा तोंडात आणून चावतात. मठातला शेतकरी साधूही सकाळी ऐकलेले स्तोत्र कुदळ चालवताना तसेच पुन्हा तोंडी आणत असे.

अशा वाचनाने माणूस आतून वाढतो का, आणि ते प्रत्येक श्रद्धावंताला आवश्यक आहे का, यावर कॅथलिक समाजात आजही दोन मते आढळतात. वसईच्या जवळपास प्रत्येक धर्मग्रामात ही दोन्ही मते मांडणारी माणसे भेटतात. एका बाजूला मिस्सा, संस्कार आणि घरातली संध्याकाळची रोजरीची माळ एवढ्यावर आयुष्य उभे केलेली वडीलधारी मंडळी; दुसऱ्या बाजूला बायबलच्या अभ्यासवर्गांना जाणारी, रोज सकाळी एखादा उतारा वाचणारी पुढची पिढी. पहिल्या बाजूने बोलणाऱ्या स्त्रीला येथे ‘मावशी’ आणि दुसऱ्या बाजूने बोलणाऱ्या तरुण शिक्षकाला ‘मास्तर’ म्हटले आहे. दोघेही कोणी एक व्यक्ती नाहीत. ती दोन मतांची तोंडे आहेत.

मावशींचे पहिले म्हणणे असे: “मास्तर, आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. पण पहाटेची मिस्सा तिने चुकवली नाही, संध्याकाळची माळ चुकवली नाही, आणि शेवटच्या घटकेला तिच्या तोंडी मरियामातेचे नाव होते. तिची वाढ झाली नाही असे तुम्ही म्हणणार का? पुस्तक वाचून देव भेटतो, हे आम्ही लहानपणी कधी ऐकले नाही. बायबल वाचायचे ते प्रोटेस्टंटांनी, असेच आम्हांला वाटायचे.”

या बोलण्यामागे खरा इतिहास आहे. ट्रेंटच्या परिषदेनंतर, १५६४ साली, निषिद्ध ग्रंथांविषयीचे जे नियम रोमहून निघाले त्यांतल्या चौथ्या नियमाने मातृभाषेतले बायबल वाचायला लेखी परवानगी आवश्यक ठरवली. धर्मसुधारणेच्या भांडणात प्रत्येक पक्ष बायबलची वचने शस्त्रासारखी वापरत होता आणि साध्या माणसाची श्रद्धा त्यात भरकटेल ही भीती त्या नियमामागे होती. १७५७ साली टिपांसह छापलेल्या, मान्यताप्राप्त भाषांतरांना वाट मोकळी झाली. तरीही मिस्सा विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत लॅटिनमध्येच होत राहिली. वेदीवरून वाचलेले कानांवर पडे, पण कळत नसे. कळे ते प्रवचन आणि माळ. मावशींच्या पिढीची भक्ती त्यामुळेच माळेभोवती वाढली, आणि ती खोटी भक्ती नव्हती.

मास्तर हे मान्य करतात. “ते लपवण्यात अर्थ नाही, मावशी. पण ती चारशे वर्षे म्हणजे चर्चचा सगळा इतिहास नाही. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अँथनी नावाच्या तरुणाने चर्चमध्ये शुभवर्तमान ऐकले. धनवान तरुणाला येशूने सर्व विकून गरिबांना द्यायला सांगितले तो प्रसंग होता. अँथनीला ते आपल्यालाच सांगितले आहे असे वाटले आणि त्याने तसेच केले. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठासाठी नियमावली लिहिली. तिच्या ४८ व्या प्रकरणात हाताच्या कामाचे तास आणि वाचनाचे तास शेजारी शेजारी बसवले आहेत. प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी प्रत्येकाला ग्रंथालयातून एक पुस्तक द्यायचे आणि त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचायचे, असा दंडक आहे. वाचनाच्या वेळी कोणी गप्पा मारत बसले आहे का हे पाहायला एक-दोन वडील साधू मठात फिरत. म्हणजे आळस तेव्हाही होता आणि वाचन तेव्हाही धर्मकर्तव्य होते.”

“मठातल्या माणसांना वेळ होता,” मावशी म्हणतात. “इथे बाईला पहाटे उठून डबे करायचे असतात, वाडीत पाणी सोडायचे असते.”

या आक्षेपाला कॅथलिक परंपरेने चारशे वर्षांपूर्वीच उत्तर दिले आहे. जिनिव्हाचे महागुरुस्वामी फ्रान्सिस द सेल्स यांचा ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ हा ग्रंथ १६०९ सालचा. तो संसारी माणसांसाठीच लिहिलेला आहे. सैनिकाची, कारागिराची, विवाहित स्त्रीची आणि विधवेची भक्ती सारखी असू शकत नाही; ती ज्याच्या त्याच्या कामाला आणि ताकदीला बेतून घ्यावी लागते, असे ते सांगतात. मठाचे वेळापत्रक घरात आणण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही आणि आजच्या वाचकानेही धरू नये. शेवटी १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ‘देई व्हर्बुम’ हा दस्तऐवज जाहीर झाला. त्यात सर्व श्रद्धावंतांना शास्त्र वारंवार वाचण्याचे आवाहन आहे, वाचनाला प्रार्थनेची जोड हवी अशी अट आहे, आणि शास्त्राच्या अज्ञानाला ख्रिस्ताचेच अज्ञान मानणाऱ्या संत जेरोमची साक्षही काढली आहे. परवानगीचा प्रश्न तिथेच संपला.

पण मावशींच्या आजीचा प्रश्न त्याने सुटत नाही. अक्षर न येणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे वाचन कसे येणार? याचे उत्तर रोमपेक्षा गोव्यात अधिक चांगले सापडते.

१५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेज्वीट गोव्याला आला आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत तो इथेच राहिला. सासष्टीत नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांकडून त्यांची जुनी पुराणे हिरावली गेली होती आणि त्यांच्या हाती बदल्यात फारसे काही आले नव्हते. प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षणाची पुस्तके होती. पण ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या रात्री पुराण ऐकले त्याचे पोट प्रश्नोत्तरांनी भरत नाही. स्टीफन्सने ही भूक ओळखली. त्याने मराठी संतकवींची भाषा आणि ओवीचा छंद आत्मसात केला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारातली कथा ३६ अवस्वरूंत, म्हणजे अध्यायांत, येते आणि दुसऱ्यात येशूचे जीवन ५९ अवस्वरूंत. राचोल येथे १६१६ साली ते रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापावे लागले. रविवारी आणि सणावारी मिस्सेनंतर ते चर्चमध्ये मोठ्याने वाचले जाई. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला, तरी ओव्या हस्तलिखित प्रतींतून टिकून राहिल्या आणि १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापल्या गेल्या. अधिकृत बायबलचे भाषांतर हातात नसताना, लॅटिनच्या राज्यात, अशिक्षित शेतकऱ्याला शास्त्राची गोष्ट त्याच्या स्वतःच्या छंदात ऐकायला मिळाली, ही मराठी कॅथलिकांच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. ती आज पुरेशी सांगितली जात नाही.

“म्हणजे ऐकणे हेच त्यांचे वाचन,” मावशी म्हणतात.

“होय,” मास्तर म्हणतात, “आणि फक्त आपल्याकडेच नाही. जुन्या काळी एकट्याने वाचतानाही लोक ओठ हलवून, आवाज काढून वाचत. बेनेडिक्टच्या नियमावलीत दुपारी पडून वाचणाऱ्याने दुसऱ्यांची झोप मोडू नये, असे बजावले आहे. मिलानचे महागुरुस्वामी अँब्रोज मनातल्या मनात वाचतात याचे ऑगस्टीनला एवढे नवल वाटले की त्याने ते लिहून ठेवले.”

येथे मावशींचा पक्ष अचानक बळकट होतो. वाचनाचे मूळ ऐकण्यात असेल, तर माळ त्याच्या विरोधात कशी उभी राहील? रोजरीच्या इतिहासातच याचा पुरावा आहे. मठातले साधू १५० स्तोत्रे म्हणत. ज्यांना लॅटिन स्तोत्रसंहिता वाचता येत नसे ते तितक्याच संख्येने मरियेला वंदन करू लागले, म्हणून माळेला मरियेची स्तोत्रसंहिता असे नाव पडले. आजीच्या हातातली माळ म्हणजे न वाचता येणाऱ्याने धरलेले पुस्तकच होते. मावशी त्याहून पुढे जातात: “आणि मरियेने कोणते पुस्तक वाचले? मेंढपाळ येऊन गेले तेव्हा तिने सगळे मनात साठवले, त्यावर ती विचार करत राहिली, एवढेच लूक सांगतो.”

मास्तरांचे उत्तर नीट ऐकण्यासारखे आहे. “तिच्या हातात पुस्तक नसेल, मावशी, पण तिच्या कानांत होते. एलिझाबेथच्या घरी ती जे स्तोत्र गाते त्याची वीण शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातल्या हन्नाच्या गीताशी मिळते. गर्विष्ठांना खाली आणणारा आणि दीनांना वर उचलणारा देव हन्नाने आधी गायिला होता. आनंदाच्या क्षणी मरियेच्या तोंडून शास्त्रच बाहेर आले, कारण ते आत मुरलेले होते. रवंथ तो हाच.”

मग प्रश्न उरतो पद्धतीचा. बाराव्या शतकात फ्रान्सच्या डोंगरातल्या ग्रांद शार्त्रूज मठाचा प्रमुख दुसरा गिगो याने एका छोट्या पत्रात या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. मराठी वाचकाला यावरून श्रवण, मनन आणि निदिध्यासन आठवेल. साम्य खरे आहे, पण एका ठिकाणी वाटा वेगळ्या होतात. गिगोच्या शिडीत मनन आणि ध्यान यांच्या मध्ये प्रार्थना बसली आहे. मननाने माणसाला आपली गरज कळते, ती पुरी करणे आपल्या हातात नाही हेही कळते, म्हणून तो मागतो. शेवटची पायरी प्रयत्नाने चढता येत नाही. ती दिली जाते. गिगोने उदाहरणासाठी अंतःकरण शुद्ध असणाऱ्यांना देवाचे दर्शन होईल हे डोंगरावरच्या प्रवचनातले एकच वचन घेतले आणि त्याला द्राक्षाच्या मण्याची उपमा दिली. दिसायला केवढासा, पण पिळत गेले की रस येतच राहतो.

प्रत्यक्षात हे कसे होते, ते मार्कच्या शुभवर्तमानातल्या एका प्रसंगावरून पाहता येईल. दहाव्या अध्यायाच्या ४६ ते ५२ या सात वचनांत यरीहोच्या वाटेवरच्या बार्तिमय या आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट आहे. पहिल्या वाचनात फक्त काय घडले ते पाहायचे. येशू गावाबाहेर पडतो आहे, गर्दी आहे, आंधळा ओरडतो, लोक त्याला गप्प करतात, तो अधिक मोठ्याने ओरडतो, येशू थांबतो. दुसऱ्यांदा वाचताना एखादी बारीक गोष्ट डोळ्यांत भरते. जे लोक त्याला दटावत होते तेच आता त्याला धीर धरायला सांगतात; येशूच्या थांबण्याने गर्दी बदलली. किंवा हे: हाक आल्यावर तो अंगावरचे वस्त्र टाकून उठतो. भिकाऱ्याचे वस्त्र म्हणजे त्याचे अंथरूण, पांघरूण आणि पैसे झेलण्याची झोळी. दृष्टी मिळण्याच्या आधीच त्याने ते टाकले आहे.

इथे थांबायचे. मननाचा प्रश्न आपोआप पुढे येतो: माझ्या अंगावरचे असे कोणते वस्त्र आहे, जे सोडायला मी बरे होण्याची वाट पाहतो आहे? त्यानंतर येशूचा प्रश्न येतो, मी तुझ्यासाठी काय करावे अशा अर्थाचा. जो मागचाही भाग वाचेल त्याला दिसेल की थोड्याच वेळापूर्वी हाच प्रश्न येशूने याकोब आणि योहान यांना विचारला होता आणि त्यांनी मानाची आसने मागितली होती. आंधळ्याने दृष्टी मागितली. शिष्यांना डोळे होते, तरी काय मागावे हे त्यांना दिसले नाही. वाचणाऱ्याने आता स्वतःचे उत्तर द्यायचे, खरे उत्तर, सुचेल त्या साध्या शब्दांत, तीच प्रार्थना. मग पुस्तक मांडीवर ठेवून गप्प बसायचे. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. अक्षरे जेमतेम सात वचनांची.

मावशींना ही गोष्ट आवडते, पण त्यांची शंका कायम आहे. “आज तुम्हांला वस्त्र दिसले. उद्या कोणाला भलतेच दिसेल. आमच्याकडे काही जण डोळे मिटून बायबल उघडतात, बोट ठेवतात आणि म्हणतात, देवाने मला जमीन विकायला सांगितले. याला काय म्हणायचे? आणि तुमच्या ऑगस्टीननेही तेच केले होते ना?”

शंका रास्त आहे. ३८६ साली मिलानमधल्या बागेत, आयुष्याच्या ओढाताणीत रडत असताना, ऑगस्टीनला शेजारून लहान मुलाचा आवाज ऐकू आला आणि पुस्तक घेऊन वाचण्याची ती आज्ञा समजून त्याने पौलाची पत्रे उघडली. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाच्या शेवटाकडे त्याची नजर गेली आणि त्याची घालमेल संपली. पण गोष्ट तिथे थांबत नाही. त्याआधी कित्येक महिने तो अँब्रोजची प्रवचने ऐकत होता, आणि त्यानंतर ४३० साली मृत्यू येईपर्यंत शास्त्राचा अभ्यास त्याने सोडला नाही. ऐहिक कामांचे निर्णय घेण्यासाठी शुभवर्तमानाची पाने चिठ्ठ्यांसारखी उघडण्याची रीत आपल्याला पसंत नाही, असे त्याने स्वतः पुढे एका पत्रात लिहिले. बोट ठेवून कौल लावणे हे आध्यात्मिक वाचन नाही; याबाबत मावशींचेच म्हणणे बरोबर आहे.

मास्तर यावर तीन कुंपणे सांगतात. “उतारा कोणत्या प्रकारचा आहे ते आधी पाहायचे, दृष्टांत, कविता, इतिहास, पत्र, प्रत्येक प्रकार वेगळ्या तऱ्हेने बोलतो. मग तो उतारा सगळ्या बायबलच्या उजेडात ठेवायचा, कॅथलिक बायबलमधल्या ७३ पुस्तकांच्या. आणि चर्चने पिढ्यान्‌पिढ्या तो कसा समजून घेतला ते विचारायचे. कॅथलिक आवृत्तीत पानाखाली टिपा असतात त्या याचसाठी. अर्थ मी शोधायचा नाही असे कोणी म्हणत नाही. फक्त एकट्याने शोधायचा नाही.”

मराठीत अशा टिपांसह सोप्या भाषेत शास्त्र आणण्याचे काम वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’मधून केले. ते पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या माणसाला चर्चमधली प्रमाण मराठीही थोडी परकीच असते. त्याच्यासाठी सुबोध हा शब्द नुसते नाव राहत नाही.

यानंतर मावशी जो प्रश्न विचारतात तो वाचन सुरू केलेल्या प्रत्येकाचा असतो: “आणि काहीच वाटले नाही तर? माळेचे मणी निदान हाताला लागतात.”

या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर आविलाच्या तेरेसाने दिले आहे. प्रार्थनेवरची अधिकारी लेखिका म्हणून चर्च जिला मानते, तिने कबूल केले आहे की अठरा वर्षे तिला पुस्तकावाचून प्रार्थनेला बसण्याचे धैर्य होत नव्हते. पुस्तक तिच्यासाठी ढालीसारखे होते. कधी थोडे वाचावे लागे, कधी नुसते उघडले तरी भटकणारे विचार गोळा होत. आणि १५५९ साली स्पेनच्या धर्मन्यायालयाने देशी भाषेतली बरीच भक्तिपर पुस्तके निषिद्ध केली तेव्हा तिला झालेले दुःखही तिने लिहून ठेवले. जिला ध्यानाचे शिखर लाभले तिलाही पुस्तकाचा आधार लागत होता, हे कोरड्या दिवसांत आठवावे.

लोयोलाच्या इग्नेशियसचा अनुभव दुसऱ्या बाजूने उपयोगी पडतो. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर त्याने वीरपुरुषांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होते ते सॅक्सनीच्या लुडोल्फने लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. नाइलाजाने तो तेच वाचू लागला. मधल्या वेळात तो जुन्या स्वप्नांत रमे, एका थोर घरच्या स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याच्या. काही दिवसांनी त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. दोन्ही विचार मनात असताना गोड वाटत. पण पराक्रमाचे स्वप्न ओसरले की मन कोरडे पडे आणि संतांचा विचार ओसरल्यावरही आनंद मागे राहत असे. त्याची पुढची सगळी शिकवण या मागे राहणाऱ्या चवीतून निघाली. पोपने १५४८ साली मान्यता दिलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात पुनरावृत्तीला मोठे स्थान आहे: जिथे मन हलले किंवा जिथे ते अडखळले, त्याच जागी पुन्हा परत जायचे. पुष्कळ जाणण्याने आत्मा तृप्त होत नाही, आतून चाखण्याने होतो, हे त्याचे म्हणणे. कोरड्या दिवशी ठरलेला वेळ कमी करू नये, उलट थोडा अधिक बसावे, आणि उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये, असाही त्याचा सल्ला आहे.

मावशी यावर हसतात. “पुन्हा पुन्हा तेच. मग माळ काय निराळे करते?”

त्यांनी मर्मावर बोट ठेवले आहे. आजच्या वाचकाचा खरा दोष वाचन कमी असणे हा नाही. सकाळी मोबाइल उघडला की चार गटांवरून चार चिंतने येतात, एखाद्या संताचे वचन येते, व्हिडिओ येतो, आणि दुपारपर्यंत त्यांतले एकही आठवत नाही. बेनेडिक्टने चाळीस दिवसांसाठी एकच पुस्तक दिले; आज चाळीस मिनिटांत चाळीस तुकडे हातांतून जातात. चरणे चालू आहे, रवंथ थांबला आहे. माळेने जपलेली सावकाश गती, तेच शब्द पुन्हा म्हणण्याचा धीर आणि न आवडणाऱ्या दिवशीही बसण्याची सवय वाचकाने मावशींकडून शिकायला हवी.

माळ आणि शास्त्र यांचे नाते पोप दुसरे जॉन पॉल यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये रोजरीवर लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले. माळेला त्यांनी शुभवर्तमानाचे सार मानले, येशूच्या प्रकट जीवनावरची प्रकाशाची पाच रहस्ये तिच्यात घातली, आणि प्रत्येक रहस्याच्या आरंभी त्या प्रसंगाचा शास्त्रातला उतारा वाचून थोडा वेळ शांत राहावे असे सुचवले. ही सूचना अजून फार थोड्या घरांत पाळली जाते. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१० साली ‘व्हर्बुम दोमिनि’ या दस्तऐवजात गिगोच्या पायऱ्यांपुढे कृतीची पायरी ठेवली: वाचन तेव्हाच पुरे होते जेव्हा वाचणारा दुसऱ्यासाठी स्वतःला देऊ लागतो. वाढ मोजायची ती इथे. किती अध्याय झाले, किती माळा झाल्या, हे मोजून काही कळत नाही. अबोला धरलेल्या भावाच्या दारात पाऊल पडले का, यावरून कळते.

दोघांचे सर्व बाबतींत एकमत होत नाही. वाचनावाचून माळ अपुरी, हे मावशी मान्य करत नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. साठ वर्षे मिस्सेत, नवेनात आणि पवित्र सप्ताहात ऐकलेले शुभवर्तमान त्यांच्या आत साठलेले आहे. मणी फिरला की त्यातला प्रसंग समोर उभा राहतो. त्यांच्या नातवंडांच्या आत तो साठा नाही. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या, मराठी अडखळत वाचणाऱ्या आणि मिस्सेला धावतपळत पोहोचणाऱ्या मुलाला पाचवे रहस्य कोणते ते सांगता येईल, पण त्यातली माणसे दिसणार नाहीत. त्याच्यासाठी वाचन आवश्यक आहे, आणि ते मोठ्याने, घरात, कोणाच्या तरी शेजारी बसून व्हायला हवे.

साहित्य हाताशी आहे. १९६९ साली लागू झालेल्या वाचनक्रमाने रविवारच्या मिस्सेत तीन वर्षांचे चक्र आणले: एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान प्रामुख्याने प्रायश्चित्तकाळात व पुनरुत्थानकाळात. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी सामान्यकाळातला तिसरा रविवार, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धात येणारा, देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला. रविवारी चर्चमध्ये कोणता उतारा वाचला जाणार हे प्रत्येक धर्मग्रामात आधीच माहीत असते. शनिवारी संध्याकाळी माळेला बसण्यापूर्वी तो घरातल्या सर्वांत लहान मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा, अडखळला तरी मध्ये बोलू नये, आणि वाचून झाल्यावर पहिला मणी हाती घेण्याआधी दोन मिनिटे सर्वांनी गप्प बसावे.